अबोल्याचं बटण

आमच्या मालकांनी शोध लावला, त्याची गोष्ट आता गल्लीत ज्याला त्याला सांगायची असते. सांगू द्या. पण ज्या बाईच्या इरकली लुगड्याला त्या शोधापायी तीन भोकं पडली ती बाई मी हाय, तेव्हा खरी गोष्ट मलाच म्हाईत, आणि मी ती माझ्या पद्धतीनं सांगणार. मधे कुणी तोंड घालायचं न्हाई.

मी शिवकांता. राहणार औसा, किल्ल्याकडं जाणाऱ्या गल्लीत, डावीकडून चौथं घर. मालकांचं नाव सिद्धलिंग. टेलिफोन एक्सचेंजात तेहतीस वर्षं नोकरी झाली, खांबावर चढून चढून गुडघे गेले, मग रिटायर झाले. माणसं रिटायर झाली की देवाधर्माला लागतात, नातवंडं खेळवतात, निदान ओट्यावर बसून दुसऱ्याच्या सुनांना नावं ठेवतात. आमचे मालक मागच्या खोलीत शिरले ते बाहेर निघंनात. त्या खोलीत काय काय हाय म्हणून विचारू नका. मेलेले फोन, वायरींची भेंडोळी, आमच्या लेकीचा, सुकन्याचा, कॉलेजातला कॉम्प्युटर, कुणाकुणाच्या मिक्सरच्या मोटारी, आणि माझ्या कुकरची शिट्टी. शिट्टी कशाला लागली ते मला अजून कळालं न्हाई. तीन महिने मी भात पातेल्यात शिजवला.

आता शोध काय ते सांगते. तरण्या पोरापोरींना पीपी नंबर म्हाईत न्हाई, म्हणून आधी ते. पहिले सगळ्या गल्लीत फोन एकच, आमचा, कारण मालक त्या खात्यात. मग गल्लीतला जो तो आपल्या पाव्हण्यारावळ्यांना आमचा नंबर द्यायचा आणि त्याच्यापुढं लिहायचा, पीपी. लग्नपत्रिकेवर सुद्धा. म्हणजे फोन आमच्याकडं वाजणार आणि मी तव्यावरची भाकरी तशीच टाकून "व्यंकटीभाऊ, उदगीरचा फोन!" म्हणून बोंबलत पळणार. व्यंकटी घरी नसला तर त्याच्या बायकोला सांगायचं, ती नसली तर साहेबरावला, साहेबराव नसला तर त्याच्या ओट्यावर जो बसला असंल त्याला. पण निरोप कधी अडकला न्हाई.

किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मालकांनी चार दिवस एक्सचेंज सोडलं नव्हतं. मी जेवण घेऊन गेले तर वर सुद्धा बघितलं न्हाई. म्हणाले, "ठेव तिकडं. आधी निरोप पोचू दे." चार दिवस हेच ऐकलं. तेव्हापासून ह्या माणसाच्या डोक्यात तो एकच किडा हाय.

दोन वर्षांमागं आमच्या रस्त्याचं काम निघालं. जेसीबी यायचा, खड्डा करायचा, इंटरनेटची वायर तोडायचा आणि निवांत निघून जायचा. आठवड्यातून दोनदा. एक दिवस मालक जेवता जेवता थांबले.

"शिवकांता, ह्या कॉम्प्युटरला पीपी नंबर न्हाई. सगळा घोळ तिथंच हाय."

"भाजी वाढू का?" मी म्हणलं.

"ऐक तर. घरचा कॉम्प्युटर काय करतो? सर्व्हरकडं जाऊन विचारतो. सर्व्हर म्हणजे तो लांबचा मोठा कॉम्प्युटर, ज्याच्याकडं सगळे मागायला जातात. वायर तुटली की आपला कॉम्प्युटर नुसता चाक फिरवत बसतो. अरे, शेजारी जा की! शेजाऱ्याची वायर चालू असंल, त्याला सांग, बाबा माझा एवढा निरोप दे. इतकी साधी अक्कल त्याला कुणी शिकवली न्हाई."

"तुम्हीच शिकवा," मी म्हणलं, आणि तिथंच चुकलं माझं. दीड वर्ष लागलं, पण शिकवलं.

डब्याएवढी पेटी. वर एक दांडी, पुढं लहान पडदा. प्रत्येक घरात एक ठेवायची. आपल्या घरची वायर तुटली की पेटी शेजारच्या पेटीला हवेतनंच निरोप देणार, ती तिच्या शेजारचीला, असं करत करत ज्या घरची वायर धड हाय तिथं पोचणार आणि तिथून सर्व्हरला. सुकन्या नांदेडला राहते, विष्णुपुरीच्या कॉलेजात शिकवते. ती म्हणाली, "अप्पा, घरोघर निरोप देणारी अशी जाळी जगात पहिल्यापासून हायेत."

"असतील," मालक म्हणाले. "पण त्यात मोजून घेणं हाय का?"

हे मोजून घेणं म्हणजे असं. निरोपात अक्षरं किती ते निरोपाच्या शेपटीला बांधलेलं. घेणाऱ्यानं मोजायचं. कमी भरलं तर मधल्यानं खाल्लं असं समजायचं आणि परत मागायचं. नीट भरलं तर पोहोच द्यायची. पोहोच आली न्हाई तोवर देणाऱ्यानं गप बसायचं न्हाई. सुकन्या म्हणाली, मोजणं पण जगात हाय, पण दर घरानं मोजायचं आणि कुणी खाल्लं त्याचं नाव सांगायचं, हे तिनं कुठं बघितलं नव्हतं. तिला ते आवडलं. आपल्या बापाचंच कौतुक, ती काय नाव ठेवणार.

आता गल्लीचं गणित बघा. साहेबरावचं घर कोपऱ्यावर, त्याची वायर मोठ्या रस्त्याकडनं येते, ती कधी तुटत न्हाई. तिथं जायला आमच्या घरातनं दोन वाटा. उजवीकडून विरूपाक्षाचं घर, मग समोरची रांग, आणि वळसा घालून साहेबराव. न्हाई तर डावीकडून सरळ. गुरम्मा, व्यंकटी, साहेबराव. ही जवळची वाट.

आणि गुरम्माचं नाव निघालं तशी मी उठून उभी राहिले.

"माझा निरोप त्या बाईच्या घरातनं जाणार असंल तर मला तुमची पेटी नको. खोलीसकट उचलून न्या."

आमच्या मालकांना एखादी गोष्ट करू नका म्हणलं तर तीन दिवस वाद घालतात. त्या दिवशी नुसतं "बरं" म्हणाले, आणि संध्याकाळच्या आत पेटीला प्रत्येक शेजाऱ्याच्या नावाचं एक बटण बसवलं. बटण हिरवं, तर त्या घराचा निरोप घ्यायचा आणि द्यायचा. लाल, तर तोंडसुद्धा बघायचं न्हाई. मला तेव्हाच संशय यायला पाहिजे होता. ह्या माणसानं इतक्या लवकर माझं कधीच ऐकलं नव्हतं.

ह्या बटणाचं गल्लीत असं काही कौतुक झालं की काय सांगू! पेटी काय करते ते निम्म्यांना कळालं नव्हतं, पण बटण सगळ्यांना पाहिजे होतं. एकाच दिवसात सात घरांत सात पेट्या बसल्या. व्यंकटी आणि साहेबराव यांचं तर रोज सकाळी लाल आणि दुपारी हिरवं. साहेबरावची शेळी व्यंकटीचा कढीपत्ता खाते ना, त्यावर असायचं. मालकांच्या कॉम्प्युटरवर सगळ्या गल्लीचा नकाशा दिसायचा, ह्या घरापासून त्या घरापर्यंत हिरव्या रेघा, लाल रेघा. बायका विरजण मागायचं निमित्त काढून यायच्या आणि हळूच विचारायच्या, "आज कुणाचं लाल हाय हो?" एवढा मोठा शोध, आणि त्याचा उपयोग काय, तर कुणाचं कुणाशी बिनसलं ते घरबसल्या कळावं!

आमची आणि गुरम्माची रेघ मात्र पहिल्या दिवसापासून लाल. दोन्ही बाजूंनी.

कारण सांगते. तुम्हीच ठरवा कोण चुकलं. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अवसेला, आम्ही सगळे शेतात जातो, सगळ्या भाज्या एकत्र शिजवून भज्जी करतो, आंबील करतो. त्या वर्षी गुरम्माच्या नवऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्यांना जायला जमलं न्हाई. म्हणून मी आपली आपुलकीनं माझा मोठा पितळी कडीचा डबा भरून भज्जी तिला पाठवली. माझं नाव कोरलेला डबा. आठ दिवसांनी मी बाजारातनं आले तर डबा स्वयंपाकघरात, घासूनपुसून लखलखीत, ओट्यावर पालथा.

"गुरम्मा देऊन गेली," मालक खोलीतनं म्हणाले.

रिकामा! आपल्यात भांडं कुणी रिकामं परत देतं का? काही नसलं घरात तर चिमूटभर साखर घालतात. दोन लिंबं ठेवतात. अहो, कढीपत्त्याची एक काडी ठेवतात, भले ती व्यंकटीच्या झाडाची असो. आणि ही बाई, जिला मी अक्का अक्का म्हणत तीस वर्षं काढली, तिनं मला रिकामा डबा पाठवला. मी दुसऱ्या दिवशी नळावर तिच्याकडं बघितलं न्हाई. तिसऱ्या दिवशी तिनं माझ्याकडं बघितलं न्हाई. चौथ्या दिवसापासून आम्ही नळावर येण्याच्या वेळा बदलल्या. अकरा महिने झाले.

तर दिवाळीनंतर महिनाभरानं साफसफाई करताना माझं इरकल लुगडं मागच्या खोलीत सापडलं. त्याच्यावर तापलेली सोल्डरची कांडी ठेवलेली. तीन भोकं. काठावर. मी काय बोलले ते इथं सांगत न्हाई, पण ते व्यंकटीच्या घरापर्यंत विनापेटीचं गेलं. मालकांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "शनिवारी विष्णुपुरीला नवीन शोध दाखवायचं संमेलन हाय. सुकन्यानं माझं नाव दिलंय. तिथं निरोप पोचला तर ही खोली राहू दे. न्हाई पोचला तर सगळं भंगारात घाल. परत वायरीला हात लावणार न्हाई." आणि गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवून शपथ घेतली.

"शनिवारी एक वाजता भंगारवाल्याला बोलावते," मी म्हणलं.

"बोलाव," ते म्हणाले. हळूच म्हणाले. मी रागात होते, मला तो आवाज तेव्हा ऐकू आला न्हाई. रात्री भाकरी मोडताना ऐकू आला, पण शब्द देऊन बसले होते ना.

परीक्षा अशी होती. मालक शुक्रवारीच नांदेडला गेले. सुकन्याचा कॉम्प्युटर तिथं सर्व्हर म्हणून मांडलेला. शनिवारी अकरा ते साडेअकरा आमची वेळ. मी इथं औशाला बसून घरची इंटरनेटची वायर उपटायची, साहेबराव सोडून बाकीच्यांनी पण आपापली उपटायची, आणि मग मी पेटीवरनं एक निरोप धाडायचा. तो तिथं परीक्षकांपुढं मोठ्या पडद्यावर दिसायला पाहिजे. निरोप काय, ते त्या वेळी मीच ठरवायचं, म्हणजे आधीच भरून ठेवला असं कुणी म्हणू नये. मालकांनी उजवीकडची वाट, विरूपाक्षाकडनं वळसा घालणारी, तीनदा करून बघितली होती. तिन्ही वेळा पोचला. डावीकडं कुणी बघितलंच न्हाई.

मी ठरवलं होतं, 'जेवून घ्या' एवढाच निरोप धाडायचा. उगं नखरे कशाला.

शनिवारी साडेदहालाच भंगारवाले चाचा हातगाडी घेऊन दारात. बोलावलं होतं एक वाजता. "भाभी, माल निकालूं क्या?"

"अभी न्हाई, चाचा. बसा."

ते ओट्यावर बसले आणि खिडकीतनं मागच्या खोलीकडं असे बघायला लागले की जसं काय तिथं त्यांचं लग्नाचं ताट वाढलंय.

अकराला पाच कमी असताना समोरच्या रांगेतनं एक मोठा आवाज आला आणि त्या बाजूची सगळी लाईट गेली. डीपी उडाली. विरूपाक्षाची लाईट पण त्याच डीपीवर, म्हणून त्याची पेटी बंद, समोरच्या रांगेतल्या पेट्या बंद. आमची आणि आमच्या डावीकडची लाईट होती. मी वायर उपटली, निरोप लिहिला, धाडायचं बटण दाबलं. पडद्यावर आलं, 'वाट न्हाई.'

परत दाबलं. 'वाट न्हाई.'

सुकन्याचा फोन. "आई, काय झालं? इथं काहीच येईना."

"समोरची लाईट गेली."

"मग डावीकडनं पाठव की."

"डावीकडं लाल हाय."

तिला म्हाईत होतं. मग म्हणाली, "अप्पांना विचारलं, इथनं तुम्हाला ती लाल रेघ खोडता येत न्हाई का. तर म्हणतात, येते, पण खोडणार न्हाई. लोकांनी आपल्या हातानं तोडलेली लाईन एक्सचेंजच्या माणसानं आपल्या मनानं जोडायची नसते." मग हळूच म्हणाली, "आई, ते नुसते उभे हायेत."

फोन ठेवला. आता खरं सांगू का? मला काहीच करायचं नव्हतं. हातावर हात ठेवून अर्धा तास बसले असते तरी खोली मोकळी झाली असती. तिथं मी गव्हाच्या कोठ्या ठेवणार होते, एक दिवाण टाकणार होते. दोन वर्षं हेच मागत होते मी. चाचा गाडीची दोरी सोडून बसले होते.

मी खोलीत जाऊन बघितलं. टेबलावर मालकांचा चष्मा. विसरून गेले होते. म्हणजे तिथं विष्णुपुरीत तो माणूस पडद्यापुढं उभा हाय आणि निरोप आला तरी त्याला धड वाचता येणार न्हाई, आणि तरी उभा हाय. ही खोली रिकामी करून मी त्या दिवाणावर बसणार, आणि हा माणूस समोर बसणार, हात मोकळे घेऊन. नको मला तो दिवाण.

मी पदर खोचला आणि गुरम्माच्या दारात जाऊन उभी राहिले. आमच्या दारापासनं तिच्या दारापर्यंत चौदा पावलं. अकरा महिन्यांत लई लांब झाली होती.

गुरम्मा चुलीपुढं शेंगा भाजत होती. मला बघितलं आणि तोंड फिरवलं. मी काय बोलू? माफी मागायला मी चुकले नव्हते. म्हणून मी दोन्ही हात जोडले आणि म्हणलं, "शरणार्थ."

हा आमच्या लिंगायतांचा नमस्कार. शरणार्थ म्हणल्यावर उलटून शरणार्थ म्हणावंच लागतं, मग समोर कुणी का असंना. गुरम्मानं दात आवळले. उलथनं खाली ठेवलं. "शरणार्थ," असं म्हणाली की जसं काय दात उपटायला बसवलीय.

"तुझं बटण हिरवं कर. मी माझं करून आलेय."

"का म्हणून?"

"मालकांचा निरोप अडकलाय."

"तुझ्या घरचं माझ्या घरातनं कशाला जायला पाहिजे?" गुरम्मा उठून उभी राहिली. "माझं घरचं तर तुला गोड लागत न्हाई. नळावर तोंड फिरवून गेलीस. एवढं काय केलतं मी?"

"काय केलतं? माझा डबा रिकामा पाठवलास! येळवशीची भज्जी पाठवली होती मी, गुरम्माक्का, आणि तू—"

"रिकामा?" ती अशी ओरडली की शेंगा उडाल्या. "कोण म्हणतंय रिकामा? लाडू घातले होते त्यात! शेंगाचे लाडू, तूप सोडून, सात का काय होते. ह्या हातानं वळले. गुडघ्याच्या माणसाला उचलून बसवत बसवत वळले! आणि त्याच्यावर एका शब्दानं 'पोचले' म्हणाली न्हाईस. उलट तोंड फिरवलंस!"

"कुणाकडं दिलतास डबा?"

"सिद्धलिंगअण्णांच्या हातात दिला की. खोलीत बसले होते, वायरी जोडून राहिले होते. म्हणले, ठेव तिकडं."

मी तिथंच खाली बसले. ठेव तिकडं. आणि मला तो डबा दिसला, लखलखीत, ओट्यावर पालथा. अहो, पस्तीस वर्षांच्या संसारात आमच्या मालकांनी एक वाटीसुद्धा विसळली न्हाई. आयुष्यात एकच भांडं घासलं, आणि ते पुरावा पुसायला! एका हातानं वायर जोडली, एका हातानं लाडू खाल्ले, डबा रिकामा झाल्यावर भानावर आले. मग मी बाजारातनं येऊन तांडव केलं आणि ह्यांची बोलायची छाती झाली न्हाई. अकरा महिने! बटण मागितलं तर 'बरं'! आणि वर कॉम्प्युटरला शिकवतायत, कमी भरलं तर मधल्यानं खाल्लं असं समजायचं! त्यांना म्हाईत असणारच की!

माझं डोकं असं सणकलं की चाचांना म्हणावं, खोली राहू द्या, माणूसच न्या.

गुरम्मानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि तिला सगळं कळालं. आधी तिनं पदर तोंडाला लावला. मग ती हसायला लागली, भिंतीला धरून धरून हसली. मला रडू येत होतं आणि हसू पण येत होतं, आणि घड्याळात अकरा वाजून सतरा मिनिटं झाली होती.

"मग आता?" गुरम्मा डोळे पुसत म्हणाली. "करू का नको हिरवं?"

"कर," मी म्हणलं. "आधी निरोप पोचू दे. मग बघते त्यांच्याकडं."

तिनं हिरवं केलं. आम्ही दोघी पळत आमच्या घरी. नकाशात आमची रेघ हिरवी झालेली, पण पुढं व्यंकटी आणि साहेबराव यांच्या मधे लाल! शनिवार सकाळ, शेळी मोकळी. गुरम्मा ओट्यावर गेली. तिचा आवाज तुम्ही ऐकला न्हाई म्हणून सांगते, तिला कधीच पेटीची गरज नव्हती.

"व्यंकटी! साहेबराव! दोघं पण बटण हिरवं करा, न्हाई तर मी शेळी पण कापीन आणि झाड पण तोडीन!"

अंड्यालासुद्धा न शिवणारी लिंगायताची बाई शेळी कापीन म्हणतीय म्हणल्यावर दोघं पण घाबरले. टक, टक. सगळी वाट हिरवी.

मी पेटीपुढं बसले. 'जेवून घ्या' खोडलं. नवीन निरोप लिहिला. गुरम्मा खांद्यावरनं बघत होती, एकदा म्हणाली, "लई तिखट होतंय." मी म्हणलं, होऊ दे. अकरा पंचवीसला धाडला.

आणि मग काहीच झालं न्हाई. गुरम्माची पेटी लुकलुकली, खिडकीतनं दिसलं. चाचा पण उठून खिडकीत आले. एक मिनिट. दोन मिनिटं. माझा हात गुरम्माच्या हातात कधी गेला ते कळालं न्हाई.

आधी सुकन्याचा फोन आला. तिला हसण्यानं बोलता येईना. मागं सगळा हॉल हसून राहिला होता. पुढं काय झालं ते तिनं नंतर नीट सांगितलं. मोठ्या पडद्यावर, ह्या एवढ्या अक्षरात, आलं होतं:

'गुरम्माचे सात लाडू तुम्ही खाल्ले. डबा तुम्ही घासला. घरी या, मग सांगते. चष्मा इथंच हाय.'

परीक्षकांमधे एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी मालकांना विचारलं, "हा तपासणीसाठी रचलेला निरोप आहे का?"

मालक चष्म्याशिवाय डोळे बारीक करून वाचत होते. वाचून झाल्यावर कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाले, "न्हाई मॅडम. हे खरं हाय."

त्या म्हणाल्या, "मग मधे काही बदललेलं नाही, याची आम्हाला खात्री पटली." आणि तिघांनी कागदावर सही केली. आमची पेटी पुढच्या फेरीला निवडली गेली.

पण ते मला नंतर कळालं. त्या वेळी फोन कानाला होता आणि माझ्यापुढची पेटी वाजली. पोहोच आली. पोहोच म्हणजे नुसतं 'मिळालं' येतं, पण मालकांनी तिच्यापुढं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. गुरम्मानं मोठ्यानं वाचलं:

'मिळालं. मोजून बघितलं. सात न्हाई, नऊ होते. चूक झाली.'

"नऊच होते!" गुरम्मानं मांडीवर थाप मारली. "मी म्हणतच होते, सात कसे असतील!"

चाचांनी विचारलं, "तो फिर, भाभी?" मी त्यांना चहा पाजला आणि मोकळ्या गाडीनं परत पाठवलं. जाताना कुकरची शिट्टी तेवढी मागून बघितली त्यांनी. म्हणलं, ती माझी हाय.

मालक संध्याकाळच्या बसनं आले. दारातच उभे राहिले, आत येईनात. मी काय बोलायचं ते सगळं ठरवून ठेवलं होतं, दुपारभर पाठ केलं होतं. पण त्यांच्या हातात बस स्टँडवरनं घेतलेली शेंगदाण्याची पुडी होती आणि गुळाची ढेप होती, आणि ते म्हणाले, "कसे वळतात ते दाखव. मी करतो." आता काय बोलणार! मी चष्मा दिला. बोलणं उद्यावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मालकांनी लाडू वळले. एक लिंबाएवढा, एक बोराएवढा, एकाला तर चपटा करून कडा काढलेल्या. बरोबर नऊ. तोच पितळी कडीचा डबा भरला आणि चपला घालायला लागले.

"थांबा," मी म्हणलं. "डबा इकडं द्या. मधल्या माणसावर माझा विश्वास राहिला न्हाई."

मी स्वतः घेऊन गेले. चौदा पावलं. गुरम्मानं झाकण उघडलं आणि एक एक लाडू ताटात काढत मोजला. आठ भरले.

तिनं वर बघितलं.

"असं काय बघतीस?" मी म्हणलं. "गोड झालेत का न्हाई ते बघायला नको?"